उन्हातल्या तळ्यातलं शेवाळ: कुमुदिनीची सावली की कर्दळीचा वाफा?

बागेतल्या तळ्यात मासे आहेत, दिवसभर ऊन आहे आणि होळीच्या आसपास पाणी हिरवंगार होतंय. त्यात औषध ओतायचं नाही हेही पक्कं असेल, तर मार्ग दोनच राहतात. शेवाळाचं ऊन तोडायचं किंवा त्याचं खाणं तोडायचं. मी दोन्ही करून पाहिलेत आणि आता एकावर स्थिरावलोय. तुमचं तळं, तुमची सवड वेगळी असेल, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

आधी पिंजराचा विषय संपवू. बार्लीचं काड पाण्यात कुजताना नव्या शेवाळाची वाढ रोखतं, म्हणून इंग्लंडात ते तळ्यात टाकतात. आपल्याकडे बार्ली नाही. गगनबावडा-राधानगरीकडून भाताचं पिंजर मात्र हवं तेवढं येतं, आणि तेच जाळीच्या पिशवीत भरून सोडा असा सल्ला मिळतो. लहान तळ्यात मी तो देणार नाही. काड कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. शिवाय भातावर कोणती फवारणी झाली होती हे पिंजर बघून कळत नाही.

आता सावली. कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग झाकला, की पाण्याचा हिरवेपणा ओसरतो हे खरंच आहे. खर्च कुंडीपुरता, वीज लागत नाही, आणि सकाळी उमललेली फुलं पाहिली की मन प्रसन्न होतं. माशांनाही पानाखाली बगळ्यापासून आडोसा मिळतो. फक्त कारंजं असेल तर तिला लांब ठेवा, पानांवर सतत पडणारं पाणी तिला मानवत नाही. कुमुदिनीऐवजी तरंगती जलपर्णी सोडण्याचा मोह होतो, तो टाळा. पंचगंगेत ती काय करते हे आपण दरवर्षी बघतो. घरच्या तळ्यात तर वळवाचा वारा सुटला की सगळी एका कोपऱ्यात गोळा होते आणि उरलेलं पाणी उन्हात उघडं पडतं. तिच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या डासांच्या अळ्या गप्पींनाही सापडत नाहीत.

कुमुदिनीचं एकच दुखणं आहे, पण माझा निर्णय त्यानेच केला: पिकलेली पानं. एकेक पान काही आठवडे टिकतं, मग कडेने पिवळं पडतं, मऊ होतं आणि पाण्यात बसतं. ते वेळेवर काढलं नाही तर त्यातलं सगळं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात, म्हणजे शेवाळाच्या ताटात. काढायला जावं तर पान हातात येतं आणि बुळबुळीत देठ तिथेच राहतो. देठ ओढला की कुंडीतली माती ढवळून वर येते, पाणी गढूळ होतं, मासे कोपऱ्यात दडतात. मधली कुंडी हाताला लागत नाही, तिथे पाण्यात उतरायचं. भर हंगामात हे काम आठवड्याला निघतं, आणि गावाला जाऊन आलं की आल्याआल्या तेच समोर असतं. थंडीत पानं विरळ होतात. पुढे ऊन तापायला लागतं, पण पानं अजून पसरलेली नसतात, आणि नेमक्या त्या फटीत पाणी हिरवं होतं. कारण सावलीने ऊन अडतं, पाण्यातलं खाणं तसंच राहतं. सांडपाण्याने रंकाळा तलावाचं पाणी जसं हिरवं झालं, तसंच आपल्या तळ्यात माशांच्या विष्ठेने आणि उरलेल्या खाद्याने होतं.

कर्दळीचा वाफा ते खाणंच तोडतो. तळ्याला लागून, थोड्या वरच्या पातळीवर, फूटभर खोल हौदी करायची. तळाशी भोकं पाडलेला पाइप, त्यावर धुतलेली बारीक खडी, आणि मातीविना थेट खडीत लावलेली कर्दळ, वेखंड, अळू. पंप तळ्याचं पाणी पाइपात सोडतो, ते खडीतून वर येतं आणि काठावरून परत तळ्यात पडतं. खडीवर वाढणारे जिवाणू विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात आणि मुळं ते पिऊन टाकतात. तळ्याच्या पाचव्या हिश्शाएवढा तरी वाफा हवा. खडी मात्र क्रशरची पूड पूर्ण जाईपर्यंत धुवा. पाणकणीस लावू नका, त्याची मुळं प्लास्टिकचं अस्तर फोडतात.

वाफ्याच्याही तक्रारी आहेत. पहिला महिना-दीड महिना काहीच फरक दिसत नाही, कारण जिवाणू अजून बसत असतात. पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो; चाळीस वॅटचा धरला तर दिवसाला साधारण एक युनिट. दिवसभर वीज गेली तर खडीत वास धरतो. आणि काठावर, जिथून पाणी पडतं तिथे, केसांसारखं थोडं शेवाळ येतंच. ते काडीला गुंडाळून काढलं की झालं.

पण आता माझ्या तळ्यात भर एप्रिलमध्ये तळाची खडी मोजता येते, आणि मी पाण्यात हात घालत नाही. काम उरलंय ते कोरड्या जमिनीवरचं: पावसाळ्यानंतर कर्दळीचे गड्डे उपटून विरळ करायचे, अळूची पानं स्वयंपाकघरात द्यायची. पानासोबत तळ्यातलं नत्रही बाहेर जातं, ही यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कुमुदिनीच्या दोन कुंड्या ठेवल्यात, पण काठाला, हात पोचेल अशा.

तळ्याजवळ वीज नसेल, मासे मोजकेच असतील आणि आठवड्याला हात ओले करायला कंटाळा नसेल, तर कुमुदिनी पुरेशी आहे, उगाच खोदकाम करू नका. गोल्डफिश किंवा कोई असतील तर वाफ्याचाच विचार करा. ते भरपूर खातात, तेवढीच घाण करतात आणि कुमुदिनीच्या कुंड्याही उकरतात. वाफ्याची जागा शक्यतो तळ्याच्या पश्चिमेला घ्या. कर्दळ छातीएवढी वाढली की दुपारनंतरची सावली तळ्यावर आपोआप पडते.