टोकन देण्याआधी, राहत्या भाडेकरूशी दोन शब्द बोला

पुण्यात सिंहगड रोडला आनंदनगरच्या बाजूला भाड्याने टू बीएचके शोधत होतो. ज्या फ्लॅटसाठी आमचं टोकन, म्हणजे घर अडवून ठेवायला आधी दिलेले पैसे, बुडालं, त्यात माणसं राहत होती. रिकामं घर असलं की चावी कोणाकडे, मालक कुठे, हे आपण विचारतो. इथे ओट्यावर कुकर, बाल्कनीत कपडे वाळत घातलेले, हॉलमध्ये मुलगी गृहपाठ करत बसलेली. शंका येणार कशावरून?

एजंटने लिफ्टमध्येच बजावलं, "ताईंना भाड्याचं, डिपॉझिटचं काही विचारू नका हं. मालकांशी वाजलंय त्यांचं, उगाच भडकतील." वर जाऊन ताईंना म्हणाला, "मालकांनी पाठवलंय, पाचच मिनिटं." त्यांनी घर सोडायची नोटीस दिलेली, बघायला कोणी ना कोणी येत होतंच. बिचाऱ्यांनी आम्हाला चहाचंही विचारलं. आम्ही मालकांकडून आलोय असं त्या समजल्या आणि हा मालकांचा माणूस असं आम्ही. आमचं एकमेकांशी बोलणं होऊ दिलं नाही, एवढ्यावरच त्याचा धंदा.

खाली पार्किंगमध्ये नेहमीचं पालुपद: संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, आत्ता टोकन टाका. पंधरा हजार, यूपीआयने. स्क्रीनवर भलत्याच बाईंचं नाव. "मालकांच्या मिसेस." अॅग्रीमेंट? "ऑनलाइन, थंबवाला घरी येईल." लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा नेहमीचा करार, नोंदवणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचंच आहे आणि पुण्यात अंगठे घ्यायला माणूस खरोखर घरी येतो. आमच्याकडे कोणी आलं नाही. एजंटचा फोन बंद.

फ्लॅटवर गेलो तर दारात आणखी एक जोडपं, त्याच घराचं टोकन दिलेलं! ताईंनी मालकांना फोन लावून दिला. ते नाशिकला. एजंटचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं, घर आधीच दुसऱ्यांना ठरलेलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण रक्कम त्या खात्यातून पुढे गेलेली होती. हा नंबर लगेच फिरवला तरच पैसे गोठायची काही आशा असते.

एजंटसमोरच भाडेकरूला विचारा, "मालकांचा नंबर देता?" त्याचा चेहरा बघा. सोसायटीच्या ऑफिसातून मालकाचं नाव काढा, मालकाकडे इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा उतारा) मागा, पैसे त्याच नावाच्या खात्यात टाका. आणि तुम्ही घर सोडणारे असाल, तर "मालकांनी पाठवलंय" म्हणणाऱ्याला दारात थांबवून आधी मालकांना फोन लावा. ताई आता तेच करतात.