सीएचा शिक्का खरा की झेरॉक्सचा? युडिन तपासणी वापरून बघा (4/5)
बेळगावच्या शहापुरातल्या एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघायचं काम आहे माझं, त्यामुळं सीएच्या सह्या-शिक्के रोज डोळ्याखालनं जातात. रबरी शिक्का करून घ्यायला काय लागतंय, ते सांगायला नको. म्हणून सीए इन्स्टिट्यूटच्या साइटवरची युडिन (म्हणजे सीएनं सही केलेल्या कागदाचा स्वतंत्र नंबर) तपासणी आम्ही वापरतो, लई कामाची आहे.

2019 च्या फेब्रुवारीपासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर हा 18 आकडी-अक्षरी नंबर लागतोय, त्याच जुलैपासून बाकी ऑडिट रिपोर्टवर पण. साइटवर जायचं, आपलं नाव, मोबाईल, ईमेल, नंबर टाकायचा, ओटीपी घातला की झालं. पैसे नाहीत काही नाहीत. सहीची तारीख, कागद कसला आणि त्यातले मुख्य आकडे समोर येतात.

आकडे येतात हीच खरी गंमत. एक नेटवर्थ सर्टिफिकेट (मालमत्तेतनं कर्ज वजा करून किती उरतं त्याचा दाखला) आलं होतं, शिक्का ठळक निळा, खाली युडिन छापलेला, बघणारा खूश व्हावा असा कागद. आता नंबरातले पहिले दोन अंक सालाचे आणि पुढचे 6 सीएच्या मेंबरशिपचे असतात. ह्याच्यावर तारीख 2025 ची आणि नंबर सुरू 23 नं! टाकला तर नंबर खरा निघाला की वो, फक्त तो कुठल्यातरी टॅक्स ऑडिटचा होता आणि आकड्यांचा कशाला कशाचा मेळ नाही. पार्टी म्हणाली, "एजंटानं करून दिलंय साहेब, मला काय ठाऊक." फाईल परत.

उणं म्हणजे सगळं इंग्रजीत, मराठी नाही आणि कन्नड पण नाही, तेवढ्यापुरतं तरी सीमाभागात कुणावर अन्याय नाही म्हणा. झेरॉक्स पुसट असली की शून्य का ओ कळत नाही, मग दोनदा टाका.

पण एक स्टार कापलाय तो ह्यासाठी नाही. नंबर खरा म्हणजे आतला हिशोब खरा असं नव्हे, गोडाऊनमधला स्टॉक न बघताच सही मारली असेल तर ते पोर्टलला कुठनं कळणार? सत्यम कंपनीच्या खोट्या हिशोबाचं प्रकरण 2009 ला बाहेर आलं, ऑडिटरांवर नजर ठेवायला एनएफआरए ही सरकारी संस्था आली 2018 ला, आणि ती बघते शेअर बाजारातल्या नि मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर. खानापूरच्या काजू कारखानदाराची नाहीतर निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची बॅलन्स शीट तिच्यापर्यंत जातच नाही. तिथं तक्रार करायची ती इन्स्टिट्यूटच्याच शिस्त विभागाकडं, म्हणजे सीएची चौकशी सीएंच्याच घरात. शिस्त समितीवर अध्यक्ष सीए नसलेला असावा अशी दुरुस्ती 2022 ला कायद्यात आणली, ते बरं केलं, पण आमच्यासारख्या गल्लीतल्या फायलींना त्याची धग कधी लागणार बघू.

तोवर हातात हे आहे ते वापरा. ठेवीदारांनी पण, फक्त कर्जवाल्यांनीच नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला की जेवणाचं कुपन तेवढं फाडून ठेवू नका, ऑडिट सीएनं केलेलं असेल तर मागच्या पानावर सहीखाली नंबर असतोय, तो टाकून बघा आणि नसेल तर सभेत उठून विचारा.