पाय झीरोवर मोस्किटो: काही महिने वापरल्यावर

सोसायटीच्या पंपासाठी तीन छोटे पायथन प्रोग्रॅम चालतात. एक टाकीची पातळी मोजतो, दुसरा पंप लावायचा की नाही ते ठरवतो, तिसरा रिले (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) चालवतो. तिघांचं बोलणं एमक्यूटीटी या मेसेज देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलवरून, मधे मोस्किटो ब्रोकर (एकाचे मेसेज दुसऱ्यापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम), आणि सगळा संसार ५१२ एमबी रॅमच्या रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू या इवल्याशा संगणकावर. ब्रोकरबद्दल तक्रार नाही. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी हा प्रोटोकॉल तेलाच्या पाइपलाइनींसाठी, उपग्रहाच्या महागड्या लिंकवर चालावा म्हणून आखला. पंपाचं काम त्याला हातचा मळ.

खरा प्रश्न या प्रोग्रॅमांवर पाळत ठेवण्याचा. हॅश (#, म्हणजे ‘सगळेच’) लावून सगळे टॉपिक (मेसेज ज्या नावांखाली जातात ते विषय) सबस्क्राइब करा, प्रत्येक मेसेज कार्डावर लिहा, हा सल्ला सर्रास मिळतो. एका कोअरच्या पायला तो झेपत नाही. ब्रोकरला प्रत्येक मेसेज आणखी एकदा पाठवावा लागतो आणि एसडी कार्ड झिजतं ते वेगळंच. मोस्किटो दर १० सेकंदांनी डॉलर-सिस ($SYS) या खास टॉपिकांवर स्वतःच आकडे टाकतो: किती मेसेज आले, किती गळले, किती क्लायंट (ब्रोकरशी बोलणारे प्रोग्रॅम) जोडलेले. (नुसत्या हॅशमध्ये हे टॉपिक येत नाहीत.) रोजच्यासाठी एवढं पुरतं. माझा निरीक्षक (पाळत ठेवणारा प्रोग्रॅम) क्यूओएस ० वर, म्हणजे पोच न देता-घेता, ऐकतो आणि लॉग रॅममध्येच ठेवतो.

‘लास्ट विल’वर, म्हणजे क्लायंट अचानक तुटला तर ब्रोकरने पाठवायला आधीच देऊन ठेवलेल्या मेसेजवर, मात्र विसंबू नका. कीपअलाइव्ह (क्लायंटने गप्प राहण्याची कमाल मुदत) ६० सेकंदांचा असेल तर क्लायंट गप्प झाल्यावर दीडपट वेळाने, म्हणजे ९० सेकंदांनी, ब्रोकर त्याच्या मरणाची बातमी देतो. पण पाहो या पायथनच्या एमक्यूटीटी लायब्ररीत लूप-स्टार्ट वापरलं की पिंग (‘मी आहे’ सांगणारे छोटे मेसेज) वेगळ्या थ्रेडवरून, म्हणजे मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या धाग्यावरून, जातात. मुख्य काम सेन्सरपाशी अडकून पडलं तरी क्लायंट ‘जिवंत’! म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम कामाची फेरी पुरी झाल्यावरच, त्याच मुख्य थ्रेडमधून, वाढता अनुक्रमांक पाठवतो. आकडा थांबला की निरीक्षक मला मेसेज करतो. वेळेचा शिक्का मुद्दाम टाळलाय: झीरोत आरटीसी (वीज नसतानाही चालणारं घड्याळ) नाही, वीज जाऊन आली की इंटरनेट मिळेपर्यंत घड्याळ भलतंच सांगतं.

या काटकसरीत कोण कोणाला नेमकं काय म्हणालं, ते मागाहून कळत नाही. पंप विनाकारण चालू-बंद व्हायला लागला तर लॅपटॉपवरून मोस्किटो-सब (मेसेज ऐकून दाखवणारी कमांड) तासभर लावून ऐकतो. तेवढ्या वेळापुरता वाढीव भार झीरो सोसतो.