कमानपाट्याचा चाकू : जावळीच्या रानात आठ महिने

गेल्या जूनपासून रानात जाताना एकच चाकू कमरेला असतो. साताऱ्यातल्या एका लोहारकाकांकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून (लीफ स्प्रिंगमधून) करून घेतलेला. पातं चार इंच, जाडी तीन मिलिमीटर, मूठ बाभळीची, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. आठ महिने झाले, आता सांगण्यासारखं बरंच आहे.

त्याआधी ऑनलाइन एक घेतला होता. पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत काड्या नि गळाची दोरी, झाकणात होकायंत्र. मेढ्याजवळ मामांच्या शेतावर आंब्याचं मनगटाएवढं लाकूड पात्याच्या पाठीवर ठोकत फोडताना दुसऱ्याच ठोक्याला पातं निखळलं आणि मित्राच्या पायाशेजारून गवतात गेलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. मूठ उघडली तर पात्याचं बोटाच्या पेराएवढं शेपूट एका नटाने आवळलेलं! सगळा जोर येतो तो पातं आणि मूठ मिळतात तिथेच. म्हणून पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग हवं, दोन्ही बाजूंनी लाकूड, आरपार रिव्हेट. घडीचा चाकू फळं-दोरीला उत्तम, पण त्याच्यावर ठोकू नका.

काकांकडे मी सहा इंची, चांगला जाडजूड मागितला होता. ते म्हणाले, "तुला कापायचंय का पहार करायचीय, बाळा?"

जुलैत ते पटलं. सगळं रान चिंब. अशा वेळी उभ्याने वाळलेली फांदी बाहेरून भिजलेली असली तरी आत कोरडी असते. ती फोडून गाभ्याचे पातळ ढलपे काढले तरच विस्तव धरतो. जाड पातं लाकूड पाचरीसारखं फाडतं, पण ढलप्याला लावलं की वरून घसरतं. हे पातं आत शिरतं. ढलपा न तुटता गुंडाळत जातो आणि काडीलाच चिकटून राहतो. वीस-पंचवीस झाले की काडीला मक्याच्या कणसासारखी शेंडी येते. तिच्यावर फेरो रॉडच्या, म्हणजे घासली की ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीच्या, ठिणग्या पाडायच्या. रॉड घासायला धार वापरू नका, पाठ वापरा. त्यासाठीच पाठीची कड काटकोनात ठेवून घेतली होती. मोठ्या लाकडाला कोयता आहेच, जावळीत तो घरोघरी असतो.

पात्याला पाणी कसं दिलं, म्हणजे ते कडक कसं केलं, ते मी समोर बसून पाहिलं. लाल तापवून तेलात बुडवलं, मग एक बाजू घासून पांढरी केली आणि वाळल्या पेंढ्याचा रंग चढेपर्यंत पुन्हा हळूहळू शेकलं. हे दुसरं शेकणं टाळलं तर पातं काचेसारखं तडकतं. ऑक्टोबरात फांदीत रुतलेल्या खिळ्यावर धार बसली. तुकडा उडाला नाही, नुसती दुमडली. दगडावर दहा मिनिटांत सरळ झाली.

तक्रारीही आहेत. धारेची उतरण जाड ठेवली होती, ती पातळ करायला दोन संध्याकाळी दगडावर गेल्या. आणि गंज! ऑगस्टमध्ये चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांवर गेलो, चाकू दोन दिवस ओल्या चामडी म्यानात राहिला, पात्यावर तांबूस ठिपके. आता घरी म्यानाबाहेर ठेवतो, पुसून खोबरेल लावून. त्याच पात्याने कांदा-काकडी चिरायची असते, म्हणून खाण्याचंच तेल. लिंबाने, कैरीने काळे डाग पडतात, त्यांचं काही वाटून घेऊ नका. रोज पुसणं होणार नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या. आपल्या पावसात तेच शहाणपणाचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वासोट्याला चाकू नेऊ नका. तो किल्ला कोयना अभयारण्यात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाणं गुन्हा आहे. माझी सगळी वापरणूक मामांच्या बांधावरची नि त्यांच्याच वाळक्या लाकडावरची. एसटीतून नेताना चाकू म्यानात, म्यान सॅकच्या तळाशी.

थंडीत बाभळीची मूठ आकसली आहे, मागचा रिव्हेट तळहाताला टोचतो. लवकरच काकांकडे नेणार आहे. मूठ बदलू, पातं हेच ठेवू.