ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत: मोठी दुरुस्ती की पुनर्विकास?

आधी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), त्यात कोअर (काँक्रीटचा नमुना काढून ताकद पाहणे) आणि हाफ-सेल (सळई गंजण्याची शक्यता पाहणे) चाचणी हवीच.

खर्च: दुरुस्तीचा भार सभासदांवर. पुनर्विकासात तो विकासकावर, पण अरुंद गल्लीत टीडीआरला (दुसरीकडून विकत आणलेल्या बांधकाम हक्काला) मर्यादा येते आणि वाढीव जागेची आश्वासने कोलमडतात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालील निर्देशांनुसार विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घ्यायला सोडू नका.

टिकाऊपणा: गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते. टेकू लावून, गंज काढून, नवी सळई बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे, सहज वाहणारे काँक्रीट) भरले तरच जॅकेटिंग (जुन्या खांबाभोवतीचे नवे आवरण) टिकते. नुसता गिलावा म्हणजे फसवणूक. गच्चीची गळती आधी थांबवा.

त्रास: दुरुस्तीत सहसा घर सोडावे लागत नाही.

नुकसान मोजक्या खांबांपुरते असेल तर दुरुस्ती. पाया, बहुतेक खांब खचले असतील किंवा ज्येष्ठांना लिफ्ट हवी असेल तर पुनर्विकास.