रोज तीन-चार वचने: मार्ककृत शुभवर्तमानाच्या दैनंदिन वाचनाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूच्या जीवनाविषयीचे मार्काचे पुस्तक, रोज थोडे थोडे वाचायला घेतले आणि जानेवारीअखेर ते वाचून झाले. चार शुभवर्तमानांत हे सर्वांत लहान, म्हणजे १६ अध्याय आणि ६७८ वचने एवढेच आहे, आणि मनात आणले तर ते दोन तासांत वाचून होते. तरीही मी महिन्याला दोन अध्याय असे प्रमाण ठेवले. सोबतीला एक छापील पुस्तिका विकत घेतली होती. तिच्यात रोजचा उतारा, त्याखाली दहा-बारा ओळींचे चिंतन आणि शेवटी छोटी प्रार्थना अशी मांडणी आहे. सासूबाईंचे जुने पवित्र शास्त्र (बायबल) घरात होतेच. ही पुस्तिका घ्यावी का, असे मंडळीतल्या दोघी-तिघींनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुस्तिकेच्या बांधणीबद्दल फार लिहीत नाही. गोव्यातल्या आमच्या चोडणच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे ऑगस्टपर्यंत पाने सुटली याचा दोष मी एकट्या प्रकाशकाला देणार नाही. टंक मात्र मोठा आणि स्वच्छ आहे, आणि पहाटे साडेपाचला चष्मा सापडत नसताना त्याचे मोल कळते.

माझी खरी तक्रार चिंतनाबद्दल आहे, आणि ती मला जुलैत उमगली. चौथ्या अध्यायाच्या शेवटी मचव्यात झोपलेला प्रभू उठून केवळ शब्दाने वादळ शांत करतो, तो प्रसंग येतो. मी रोज चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने कामावर जाते. त्या दिवशी मांडवी नदी गढूळ आणि फुगलेली होती, बोट धक्क्याला लागताना दोनदा आपटली आणि माझ्या शेजारच्या स्कूटरवाल्याने माझ्याच पिशवीचा आधार घेतला. सकाळी वाचलेले वचन तेव्हा आठवले, की प्रभूच्या मचव्याबरोबर दुसरेही मचवे होते. लहानपणापासून शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) हा प्रसंग किती वेळा ऐकला असेल, पण त्या दुसऱ्या मचव्यांकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण हे मचवे फक्त मार्काकडे आहेत, आणि प्रभू ज्या उशीवर डोके ठेवून झोपला होता ती उशीही फक्त त्याच्याकडेच आहे. त्या मचव्यांतल्या लोकांचे काय झाले? वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला, पण तो कोणाच्या शब्दाने पडला हे त्यांना कधी कळले असेल का? कांदळवनाच्या कडेला बांधलेल्या होड्या दिसेनाशा होईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहत राहिले. संध्याकाळी पुस्तिका पुन्हा उघडली, तर चिंतनात बर्फात अडकलेल्या एका मोटारीची गोष्ट होती आणि खाली लिहिले होते की आपल्या जीवनाच्या वादळातही प्रभू आपल्याबरोबर असतो. हे खोटे आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण उतारा वाचून मनात काही उमटण्याआधीच त्याचे तात्पर्य हातात मिळाले, की मचवे दिसत नाहीत.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. सकाळी केवळ वचने वाचायची, वहीत एकच प्रश्न लिहायचा आणि चिंतन वाचायचेच असेल तर रात्री वाचायचे. सप्टेंबरनंतर मी ते बहुतेक वाचलेच नाही.

भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. सासूबाईंच्या प्रतीतली मराठी जुन्या वळणाची आहे आणि नव्या वाचकाला ती अडते, पण सावकाश वाचणाऱ्याला हे अडणेच उपयोगी पडते. मूळ ग्रीकमध्ये ‘लगेच’ या अर्थाचा एक शब्द मार्क चाळीसच्या आसपास वेळा वापरतो, त्यांपैकी अकरा वेळा पहिल्याच अध्यायात, आणि आपल्याकडे येणाऱ्या ‘लागलेच’ या शब्दाने कथनाची ती घाई कानाला जाणवते. बाराव्या अध्यायातली गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत ‘दोन टोल्या’ टाकते. टोली म्हणजे अगदी कमी किमतीचे तांब्याचे नाणे, हे मला शोधावे लागले आणि त्या शोधात दोन दिवस गेले. तेवढ्यात नोव्हेंबरअखेर जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) जाणाऱ्यांची गर्दी रस्त्यावर सुरू झाली होती, आणि दानपेटीसमोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांकडे मी प्रथमच नीट पाहिले.

शेजारच्या आंटी कॅथलिक आहेत आणि रोमी लिपीतल्या कोकणीत वाचतात. आमच्या ‘शुभवर्तमाना’ला त्या ‘वांजेल’ म्हणतात. मराठीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती माणूस त्यांना अजूनही थोडा नवलाचा वाटतो. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली इथेच, गोव्यातल्या रायतूरला, मराठी ओव्यांत आणि रोमी लिपीत छापले गेले, हे मी सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे लिपी आमची आणि भाषा तुमची!” परूश्यांच्या (कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांच्या) खमिराविषयी, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाविषयी, सांभाळा, हे आठव्या अध्यायातले वचन मला त्यांच्याचमुळे कळले. त्यांच्या लहानपणी पोदेर (पाववाला) पिठात माडाची सूर (ताडीसारखा आंबणारा रस) घालत असे, आणि सूर जास्त झाली तर सगळा घाणा आंबट होई. आधी कोणाला पत्ताही लागत नसे, असे त्यांनी पाव मोडता मोडता सांगितले. पुस्तिकेतले त्या दिवसाचे चिंतन मला आज आठवतही नाही.

त्याच अध्यायात बेथसैद्याचा आंधळा भेटतो. प्रभूने एकदा हात ठेवल्यावर त्याला माणसे झाडांसारखी, पण चालताना दिसतात, आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर सगळे स्पष्ट दिसते. दोन टप्प्यांत झालेला हा एकच चमत्कार आहे आणि तो केवळ मार्क सांगतो. या पाच वचनांवर मी सहा दिवस घालवले. वेळापत्रक कोलमडले, आणि तारखेवार छापलेल्या पुस्तिकेचा दुसरा दोष इथे लक्षात आला: एक दिवस चुकला की पुढचे पान अपराध्यासारखे पाहते.

शेवटच्या अध्यायात मात्र पुस्तिकेने निराशच केले. चौथ्या शतकातल्या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबते. कबरेपासून स्त्रिया पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचने तिथे नाहीत. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, आणि तिने आठवे वचन नवव्याला जोडून एकाच दिवसात उरकले आहे. मी आठव्यापाशी तीन दिवस थांबले.

ज्यांनी कधीच रोज वाचलेले नाही, त्यांनी पहिल्या महिन्यासाठी पुस्तिका अवश्य घ्यावी, कारण तारीख छापलेली असली की हात पुस्तकाकडे जातो. मी आता लूक सुरू केले आहे. या वेळी पुस्तिका घेतलेली नाही, दोनशे पानी वही घेतली आहे.