पीटीएम७९५० : ग्राफिक्स कार्ड तापतंय, पण नेमकं कुठे?

नुसता आकडा बघून खरेदी करायची असती तर हनीवेलचं पीटीएम७९५०, म्हणजे चिप आणि तिला थंड ठेवणारा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये ठेवायचा उष्णतावाहक तुकडा, मी घेतलंच नसतं. याची उष्णतावाहकता ८.५ वॅट प्रति मीटर-केल्विन. बारा-चौदाचा दावा छापलेल्या, त्याच कामाच्या थर्मल पेस्टच्या ट्यूबा सर्रास मिळतात. तरीही रोज रात्री बंद पडणारं माझं मशीन मार्गी लागलं ते या राखाडी, कागदाइतक्या पातळ तुकड्यामुळेच. पण ते आणायच्या आधी दुखणं कुठे आहे हे कळायला हवं. या सगळ्यात अवघड भाग तोच होता, म्हणून आधी त्याबद्दल.

लक्षणं अशी : गेम रंगात येतो, स्क्रीन अचानक काळी होते, ग्राफिक्स कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागतात, आवाज मात्र काही क्षण चालूच राहतो. मग रिस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’. ही नोंद बघून दादाने फोनवरच निकाल दिला, “एसएमपीएस गेला, बदल.” एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. या ४१ ने आजवर किती चांगले एसएमपीएस फुकट बदलायला लावले असतील कोण जाणे. त्या नोंदीत एवढंच सांगितलेलं असतं की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. का झालं, ते त्यात नसतं.

दादा अगदीच चुकीचा होता असंही नाही. कार्डाची पॉवर लिमिट (ते किती वीज घेऊ शकतं ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली की क्रॅश थांबायचे, आणि त्यावरून दोन्ही अर्थ निघतात : एसएमपीएसवरचा भार कमी झाला, किंवा उष्णता कमी झाली. निवाडा झाला तो एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमुळे. त्यात सेन्सरचं लॉगिंग सुरू ठेवता येतं. मशीन आडवं झालं तरी तोवरची फाइल मागे राहते, आणि बघायची ती शेवटची ओळ. माझ्या फाइलच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ६८ अंशांवर निवांत होता. जीपीयू, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, तिचं तापमान ७९, म्हणजे तेही ठीक. हॉटस्पॉट मात्र १०९! एकाच चिपवरच्या दोन आकड्यांत ३० अंशांचा फरक.

बहुतेक जण फक्त ‘जीपीयू तापमान’ बघतात, कारण गेमच्या कोपऱ्यात तेच दिसतं. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या सगळ्या सेन्सरांपैकी सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा. तो सरासरीपेक्षा दहा-पंधरा, फार तर वीस अंश जास्त असणं नेहमीचं. नुसता आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. एएमडीच्या बऱ्याच कार्डांना ११० अंशांपर्यंत मुभा आहे. बघायचं ते दोन्हींतलं अंतर. ते वाढत चाललं असेल तर चिप आणि हीटसिंक यांचा संपर्क एखाद्या भागात सुटलाय असं समजावं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत हा सेन्सर अशा सॉफ्टवेअरना दिसतच नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही.

खात्रीसाठी कॅबिनेटचं बाजूचं पॅनेल काढून तोच गेम चालवला. दोन्ही आकडे थोडे उतरले, अंतर मात्र तेवढंच राहिलं. हवा खेळत नसती तर दोन्ही बरोबरीने भरपूर खाली यायला हवे होते. म्हणजे जादा पंखे, नवीन कॅबिनेट, टेबलावरचा एअर कूलर हे सगळे सल्ले बाद.

कार्ड उघडल्यावर अपेक्षित तेच दिसलं : चिपच्या मध्यभागी पेस्ट जवळजवळ नाहीच, सगळी कडेला ढकललेली. चिप तापते, निवते, दर वेळी किंचित वाकते आणि पेस्ट हळूहळू बाहेर पिळून निघते. याला पंप-आउट म्हणतात. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, तिथे हा त्रास कमी. कार्डाची सिलिकॉन चिप उघडीच असते. म्हणून पुन्हा पेस्ट लावली तर काही महिने सुख आणि मग परत तेच.

पीटीएमचा उपयोग इथे. खोलीच्या तापमानाला ते घट्ट असतं, ४५ अंशांच्या आसपास लोण्यासारखं मऊ होतं, हीटसिंकच्या दाबाखाली पसरून अगदी पातळ थर होतो आणि पेस्टसारखं सहजी बाहेर सरकत नाही. वाहकतेचा छापील आकडा कमी असूनही ते का चालतं, याचं अर्धं उत्तर त्या पातळ थरात आहे.

लावणं मात्र वैतागवाणं. दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म असते आणि ती काढताना तुकडा ताणला जातो, फाटतो. बंद पिशवीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की फिल्म सुटायला सोपी जाते. दुसरी फिल्म चिकटपट्टी लावून कोपऱ्यातून उचलायची. कोपरा तुटलाच तर तो तिथेच दाबून बसवला तरी चालतं, वितळल्यावर सगळं एक होतं. चिपचा कोपरा उघडा मात्र राहता कामा नये. थोडं बाहेर आलं तरी बिघडत नाही, ते वीजवाहक नाही. पेस्टऐवजी काही जण वापरतात ते लिक्विड मेटल वीजवाहक असतं आणि ॲल्युमिनियम खातं. माझ्या कार्डाजवळ मी ते फिरकू दिलं नाही. कार्डाच्या मेमरी चिपांवरचे उष्णतावाहक पॅड मी होते तसेच ठेवले. ते बदलायचे असतील तर जाडी तीच हवी, कारण जाड पॅड हीटसिंकला चिपवरूनच उचलून धरतात.

पहिल्या संध्याकाळी हॉटस्पॉट ९६ दिसला आणि मी खट्टू झाले. पण याला काही वेळा तापून निवावं लागतं. आठवडा संपेपर्यंत जीपीयू ७४, हॉटस्पॉट ८७, तेही पॉवर लिमिट पुन्हा १०० टक्क्यांवर आणून. काळी स्क्रीन त्यानंतर दिसलेली नाही. एसएमपीएस तोच आहे.

तक्रारी आहेत. पाकिटात सूचनांचा चिटोरा नाही. एकदा हीटसिंक काढला की तुकडा वाया. नकली माल बराच फिरतो, त्यामुळे विक्रेता पारखूनच घ्यावा. कार्ड उघडल्याने वॉरंटी जाते का, हेही आधी वाचावं. वॉरंटी चालू असेल तर लॉग फाइल जोडून कंपनीच्याच गळ्यात पडणं उत्तम.

झाकणवाल्या प्रोसेसरसाठी मी हे मुद्दाम आणणार नाही, तिथे साधी पेस्ट पुरते. लॅपटॉपला मात्र जरूर, कारण तिथे प्रोसेसरची चिपही उघडीच असते. उरलेला तुकडा दादाने त्याच्या लॅपटॉपसाठी मागून घेतलाय. एसएमपीएसचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.